हातपाय चालताहेत तोवर

कुसुमाग्रज आपल्या नाशिकचे. त्यांचे 'नटसम्राट' हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले. डॉ. श्रीराम लागू यांनी त्यात गणपतराव बेलवलकरांचे काम केले. ज्याने नाटक पाहिले नाही त्यालाही त्याची कथा ठाऊक असते. एक थोर नट. म्हातारपणी रंगभूमी सोडतो आणि होती नव्हती ती मिळकत मुलगा आणि मुलगी यांना वाटून टाकतो. स्वतःजवळ काही ठेवत नाही. मग मुलाच्या घरी अपमान, मुलीच्या घरी अपमान, आणि शेवटी तो रस्त्यावर येतो.

लोक नाटक पाहतात, डोळे पुसतात आणि घरी जातात. घरी गेल्यावर एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. मिळकत वाटून दिली ती कोणत्या कागदावर? आणि त्या कागदात काय लिहिले होते?

प्रश्न रुक्ष आहे खरा. पण आमचा जन्म हजेरीपट आणि दाखले लिहिण्यात गेला. कागद काय बोलतो हे आम्ही आधी पाहतो. म्हातारपणची पुष्कळ दुःखे माणसाच्या स्वभावातून येतात, त्यांना औषध नाही. पण काही दुःखे नुसत्या कागदातून येतात. तेवढी तरी टाळता येतात. त्यांच्याचविषयी इथे लिहीत आहोत. तुम्ही स्वतः साठीच्या पुढचे असाल तर स्वतःसाठी वाचा. तुमचे आईवडील असतील तर संध्याकाळी त्यांना वाचून दाखवा.

देऊन टाकणे आणि मागे ठेवणे

गावोगाव एकच गोष्ट घडते. वडील सत्तरीला येतात. थोरला म्हणतो, "आबा, तुम्ही आता थकलात. कशाला तलाठ्याकडं खेटे घालता? जमीन आमच्या नावावर करून टाका. आम्ही काय तुम्हाला उपाशी ठेवणार आहोत?" मुलगा हे खोटे बोलतो असे नाही. त्या दिवशी त्याच्या मनात तसेच असते. आबांनाही बरे वाटते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन ते बक्षीसपत्र करून देतात. सातबारावरून आबांचे नाव जाते आणि मुलाचे चढते.

बक्षीसपत्र म्हणजे आजच देऊन टाकणे. दिले, त्याने घेतले, नोंद झाली, की तुमचा हक्क संपला. उद्या तुमचे मन फिरले तरी ते एकट्याने मागे घेता येत नाही. मुलांच्या, नातवंडांच्या नावे राहते घर किंवा शेतजमीन द्यायची तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. स्वस्त पडते म्हणून लोक बक्षीसपत्राकडे धावतात. पण स्वस्ताईचा हिशेब करताना उरलेल्या वर्षांचा हिशेब कोणी करत नाही. आज सत्तरीच्या माणसाला पुढे पंधरा-वीस वर्षेही काढायची असू शकतात.

मृत्युपत्राची गोष्ट वेगळी. लोक त्याला इच्छापत्र असेही म्हणतात. ते आज लिहायचे, पण अंमल तुमच्यामागे. तुम्ही जिवंत आहात तोवर घर तुमचे, जमीन तुमची, पीक तुमचे. मुलगा नीट वागला नाही तर मृत्युपत्र बदलता येते. दहा वेळा बदलले तरी कोणी हरकत घेऊ शकत नाही. शेवटचे खरे. मग प्रत्येकावर तारीख हवी, हे ओघानेच आले.

आता कोणी विचारील, मृत्युपत्राला किती रुपयांचा मुद्रांक लागतो? एकही नाही. गंमत पाहा. मुद्रांकाचे कागद छापण्याचा सरकारी छापखाना आमच्याच नाशिकरोडला, १९२५ पासून. पण मृत्युपत्राला तो कागद लागतच नाही. शाळेच्या वहीच्या कोऱ्या पानावर लिहिले तरी कायद्याला चालते. मराठीत लिहिले तरी चालते. नोंदणीचीही सक्ती नाही. मात्र नोंदणी केलेली बरी, म्हणजे "हे खोटं आहे" असे म्हणायला पुढे जागा कमी राहते.

सक्ती आहे ती साक्षीदारांची. दोन साक्षीदार हवेत. तुम्ही सही करताना त्यांनी पाहिली पाहिजे, किंवा ही सही माझीच असे तुम्ही त्यांना सांगितले पाहिजे, आणि त्यांनी तुमच्यासमोर आपापल्या सह्या केल्या पाहिजेत. ज्याला मिळकत मिळणार आहे त्यालाच साक्षीला बसवू नये. आपल्याहून म्हातारा साक्षीदारही घेऊ नये. तो आपल्याआधी गेला तर न्यायालयात सांगणार कोण? माणूस फार वयस्क असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडून दाखला घ्यावा की यांचे मन शाबूत आहे, यांना सगळे समजते आहे. तो दाखला मृत्युपत्राला जोडावा.

आणखी एक. स्वतः कमावलेली मिळकत मृत्युपत्राने हवी त्याला देता येते. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र आपल्या हिश्शापुरतेच लिहिता येते. मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे. महाराष्ट्राने तो १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. बाप २००५ च्या आधी वारला असला तरी मुलीचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. हा हिंदू कुटुंबांचा कायदा झाला. मुसलमान बांधवांत एकतृतीयांशापेक्षा जास्त मिळकत मृत्युपत्राने द्यायची तर वारसांची संमती लागते.

एक ओळ

आता समजा, आजच द्यायचे असे तुम्ही ठरवलेच. कारणे असतात. मुलाला कर्ज काढायचे असते, किंवा भावाभावांत आपल्या डोळ्यांदेखत वाटणी व्हावी असे वाटते. मग काय करावे?

यासाठी एक कायदा आहे. नाव लांब आहे, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. त्याचे कलम २३ लक्षात ठेवावे. साठ वर्षांवरील माणसाने मिळकत देताना अशी अट घातली असेल की घेणाऱ्याने माझा सांभाळ करावा, माझ्या गरजा पुरवाव्यात, आणि घेणाऱ्याने ते केले नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असे धरून रद्द करून मागता येतो. मिळकत परत म्हाताऱ्याच्या नावावर येते.

पण अट असली पाहिजे. या एका शब्दावर सगळे अडते. दोन खटले सांगतो, दोन्ही सर्वोच्च न्यायालयातले.

पहिला २०२२ सालचा, हरियाणातला. एका आईने आपल्या लेकरांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले होते. पुढे बिनसले. ती न्यायाधिकरणाकडे गेली. निकाल तिच्या बाजूने लागला, उच्च न्यायालयातही टिकला. सर्वोच्च न्यायालयात मात्र उलटला. का? सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली होती, हे कुठे दिसेना. तसा तिचा दावाही नव्हता. न्यायालय म्हणाले, आईबापांनी मुलांना काही दिले की त्यात सांभाळाची अट असतेच, असे धरून चालता येणार नाही.

दुसरा मध्य प्रदेशातला, निकाल २ जानेवारी २०२५ चा. त्याही आईने घर मुलाला बक्षीस दिले होते. पण त्याच दिवशी एक वेगळा कागदही झाला होता, वचनपत्र. त्यात लिहिले होते की मुलगा शेवटपर्यंत आईचा सांभाळ करील, आणि न केल्यास आईला मिळकत परत घेता येईल. मुलगा म्हणाला, हा कागद खोटा आहे. न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले. बक्षीसपत्र रद्द झाले आणि घराचा ताबा आईला मिळाला.

दोन आया, दोघींनीही देऊन टाकले होते. एकीच्या हातात दोन ओळी होत्या, दुसरीच्या नव्हत्या.

तेव्हा वकिलाकडे किंवा कागद लिहिणाऱ्याकडे गेलात की आधी हे सांगा: "सांभाळाची अट घाला. अन्नवस्त्र, राहायला खोली, औषधपाणी, सगळं नाव घेऊन लिहा. नाही केलं तर कागद रद्द, तेही लिहा." तो म्हणेल, "घरातल्या घरात कशाला एवढं?" तुम्ही म्हणा, "घरातलं आहे म्हणूनच." चांगल्या मुलाला या ओळीचा काही त्रास नसतो. तो सांभाळणारच असतो. ज्याला या ओळीचा राग येतो, त्याच्याविषयी दोन दिवस जास्त विचार करावा.

घर देतानाही एक सोय ठेवता येते. घर मुलाच्या नावे, पण आई आणि बाप हयात असेपर्यंत त्यांना त्यात राहण्याचा हक्क. हेही कागदात लिहावे लागते. मनात असून भागत नाही.

अंगठा

हे पुस्तक तुम्ही वाचत आहात, म्हणजे अक्षरे तुम्हाला आता अनोळखी नाहीत. पण तुमच्या घरात अजून कोणी अंगठा उठवणारे असेल. बहुधा ती म्हातारी आई असते. भाऊ वारला, वडील वारले, वारसांची नावे लागायची असतात. तिला गाडीत बसवून कचेरीत नेतात. "आई, इथं अंगठा दे." ती देते. घरी आल्यावर शेजारीण विचारते, कसला कागद होता गं? ती म्हणते, "पोरांनी सांगितलं, दिला."

कागद वारस नोंदीचा असेल तर ठीकच. त्याने तिचे नाव लागते. तो हक्कसोडपत्राचा असेल तर तिचे नाव जाते. दोन्ही कागद दुरून सारखेच दिसतात. अंगठाही सारखाच उठतो. आणि अंगठा कायद्याच्या दृष्टीने सहीइतकाच पक्का असतो, तो पुसता येत नाही.

म्हणून घरातल्या एका तरी वाचणाऱ्याने, सून असो, नात असो, कागद मोठ्याने वाचून दाखवावा. मथळा आधी वाचावा. मथळ्यात बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र यांपैकी शब्द दिसला तर त्या दिवशी सही करायची नाही. कागदाची नक्कल मागून घरी आणायची. चार दिवसांनी जायचे. जो व्यवहार चार दिवस थांबत नाही, तो आपल्या फायद्याचा नसतो.

वडील वारल्यावर सातबारावर वारसांची नावे लावण्यासाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. त्यात आईचे नाव आलेच पाहिजे. नवऱ्याच्या मिळकतीत बायको ही पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांच्या बरोबरीची. सातबारा आता संगणकावरही पाहता येतो. वर्षातून एकदा आपला उतारा काढून आपले नाव जागेवर आहे ना, हे पाहावे. द्राक्षबागेवर औषध मारायला जसे आपण विसरत नाही तसे.

पैसा कुठे आहे हे कोणाला माहीत आहे?

नोकरी केलेल्या घरांतही एक नवल आम्ही पाहत आलो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, ओझरच्या विमान कारखान्यात, नाशिकरोडच्या छापखान्यात नोकरी करून माणूस निवृत्त झालेला असतो. निवृत्तिवेतन आहे, ठेवी आहेत, विमा आहे. पण बायकोला विचारा, पासबुके कुठे आहेत? तिला ठाऊक नसते. "ते सगळं हेच बघतात." आणि 'हे' अंथरुणाला खिळले की घरात धावाधाव.

एक वही करावी. दोन रुपयांचे पेन आणि एक वही, याहून जास्त खर्च नाही. त्यात लिहावे: कोणत्या बँकेत खाते, कोणत्या पोस्टात, ठेव किती तारखेला संपते, विम्याचा कागद कुठे, घराचे मूळ खरेदीखत कोणत्या ट्रंकेत, कोणाचे देणे, कोणाकडून येणे. गुप्त आकडे तेवढे लिहू नयेत. वही कुठे आहे हे दोन माणसांना ठाऊक असावे. एकाला नव्हे, दोघांना.

बँकेतले खाते नवराबायकोच्या दोघांच्या नावाने असावे, आणि "दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो" अशी सूचना बँकेला लिहून द्यावी. म्हणजे एक आजारी पडला तरी दुसऱ्याचा हात बांधला जात नाही. निवृत्तिवेतनाचे खातेही बायकोबरोबर जोडीने ठेवता येते.

वारसदार म्हणून फॉर्मवर नाव लिहितात त्याला नामनिर्देशन म्हणतात. लोक त्याला नॉमिनी म्हणतात. इथे फार मोठा गैरसमज आहे. ज्याचे नाव लावले तो पैशांचा मालक झाला, असे लोकांना वाटते. तसे नाही. बँक पैसे त्याच्या हातात देते एवढेच. पुढे ते खऱ्या वारसांना, किंवा मृत्युपत्रात ज्यांची नावे असतील त्यांना द्यायचे असतात. तो विश्वस्त. मालक कोण हे मृत्युपत्र किंवा वारसाचा कायदा ठरवतो. म्हणून नॉमिनीत एकाचे नाव आणि मृत्युपत्रात दुसऱ्याचे, असे ठेवून भांडणाचे बी पेरू नये. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार जणांपर्यंत नावे लावता येतात. ठेवीला कोणाला किती भाग हेही लिहिता येते.

ठेवी ठेवायच्या कुठे? पोस्टात आणि बँकांत साठीपुढच्या लोकांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. पाच वर्षांची मुदत, दर तीन महिन्यांनी व्याज, आणि एका माणसाला तीस लाखांपर्यंत रक्कम. व्याजाचा दर सरकार वेळोवेळी ठरवते, तो खिडकीवर विचारावा. बँकेतल्या ठेवीला एका बँकेत एका माणसामागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. सगळ्या पतसंस्था वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून म्हातारपणाची सगळी पुंजी एका ठिकाणी टाकणे हे शहाणपण नव्हे. आणि थोड्या वर्षांत तिप्पट करून देतो म्हणणाऱ्याला तर दारातही उभे करू नये. २०१४ साली केबीसी नावाच्या कंपनीचे प्रकरण याच नाशकात उघडकीला आले. तिप्पट पैशांच्या आशेने गुंतवणारे हजारो लोक हात चोळत बसले. त्यांत अडाणी थोडेच, शिकलेलेच पुष्कळ.

अलीकडे दूरध्वनीवरून फसवतात. "मी पोलीस बोलतोय, तुमच्यावर गुन्हा आहे, तुम्हाला फोनवरच अटक केली आहे, पैसे पाठवा." फोनवर अटक असा प्रकार कोणत्याही कायद्यात नाही. फोन ठेवावा आणि मुलाला हाक मारावी. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या नंबरावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे लांब.

ज्यांच्याजवळ ठेवीच नाहीत त्यांनी तहसील कचेरीत जावे. पासष्ट वर्षे पूर्ण असतील आणि घरचे उत्पन्न वर्षाला एकवीस हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेतून महिन्याला दीड हजार रुपये खात्यात येतात. त्यात घर चालत नाही, हे आम्हालाही कळते. पण सुनेपुढे तंबाखूला हात पसरावा लागत नाही, तेवढे तरी होते.

आता वयाचा प्रश्न येतो. जुन्या काळी शाळेत नाव घालताना बापाला मुलाची जन्मतारीख ठाऊक नसे. "पूर आला त्या साली झाला" एवढेच तो सांगे. मग मास्तर १ जून लिहीत. म्हणून गावोगाव अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. त्यात हसण्यासारखे असले तरी अडचण नाही. अडचण येते ती निरनिराळ्या कागदांवर निरनिराळी साले पडली की. बायकांची तर नावेही दोन. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आधार कार्डावर सासरचे, सातबारावर तिसरेच काही. हे सारखे करून घेण्याचे काम आजारपणात होत नाही. ते आधीच करावे.

आठवण जाऊ लागली म्हणजे

कुलमुखत्यारपत्र हा उपयोगी कागद आहे. तुम्ही मुलाला लिहून देता की माझ्या वतीने बँकेत जा, कचेरीत जा, सह्या कर. पण त्याची मर्यादा फार थोड्यांना ठाऊक असते. देणारा मेला की तो कागद मेला. आणि देणाऱ्याचे भान हरपले, त्याला बरेवाईट कळेनासे झाले, तरीही तो कागद संपला. म्हणजे ज्या दिवसासाठी लोक तो करून ठेवतात, नेमक्या त्याच दिवशी तो उपयोगी पडत नाही!

म्हातारपणी विसरण्याचा आजार होतो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे, आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. दुसरे सुरू झाले की डॉक्टरांना दाखवावे. लोक "वय झालं" म्हणून सोडून देतात. कधी कधी थायरॉइडमुळे किंवा शरीरात जीवनसत्त्व कमी पडल्यामुळेही तसे होते, आणि ते औषधाने सुधारते. आजार खरोखर स्मृतिभ्रंशाचा निघाला तर मृत्युपत्र, जोडखाते, नावे लावणे ही सगळी कामे पहिल्या काही महिन्यांतच उरकावीत, माणसाला समजते आहे तोवर. पुढे त्याच्या सहीला किंमत राहत नाही. मग त्याच्या खात्यातून त्याच्याच औषधाला पैसे काढायचे तरी उच्च न्यायालयात अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. कळवणच्या किंवा सुरगाण्याच्या घराला मुंबईच्या त्या खेपा कशा परवडणार?

दवाखाना

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी, गरीब असो की श्रीमंत, २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारची योजना आहे. तिच्या कार्डाला आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार फुकट होतो. घरात आजोबा आणि आजी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. कार्डासाठी आधार लागते आणि वय आधारावरचेच धरतात. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. योजनेत असलेल्या रुग्णालयातच हे चालते, म्हणून आपल्या जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे हे आजार नसतानाच विचारून ठेवावे. आणि रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत. सत्तरीच्या आतल्यांसाठी आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तीही पाच लाखांपर्यंतची, कुटुंबाला मिळून.

रात्री दोन वाजता म्हाताऱ्या माणसाला जिल्हा रुग्णालयात नेले की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, कोणत्या गोळ्या चालू आहेत? लोक सांगतात, "एक पांढरी आणि एक गुलाबी." यावरून डॉक्टरांनी काय समजावे? एका कागदावर गोळ्यांची नावे, किती वेळा, कोणती सोसत नाही, मागे कोणते ऑपरेशन झाले, हे लिहून आधाराच्या प्रतीबरोबर एका पिशवीत ठेवावे. पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगावी.

पडण्याचेही बोलले पाहिजे. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की माणूस महिनोन्‌महिने अंथरुणात, आणि पुष्कळदा पुन्हा पहिल्यासारखा चालत नाही. पडतात कुठे? न्हाणीघरात, आणि रात्री लघवीला उठताना. न्हाणीत धरायला एक दांडी, खाली खडबडीत फरशी, रात्री एक लहानसा दिवा. गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम. मोतीबिंदू झाला असेल तर तो काढून घ्यावा, कारण दिसत नाही म्हणूनही माणसे पडतात.

शेवटच्या आजाराचे काय, हे घरात कोणी बोलत नाही. अभद्र बोलू नये म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली हल्ल्यात जायबंदी झाल्या आणि १८ मे २०१५ रोजी गेल्या. बेचाळीस वर्षांच्या आसपास त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या, आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. त्यांच्याविषयीच्या अर्जावर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि देशात हा विचार सुरू झाला. पुढे २०१८ साली न्यायालयाने सांगितले की माणसाला आधीच लिहून ठेवता येईल: बरे होण्याची आशा नसेल तर मला यंत्रावर ठेवू नका. २०२३ साली त्याची रीत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही करायची. आपल्या वतीने कोणी ठरवायचे त्यांची नावे त्यात घालायची. हे कागद जपण्यासाठी महाराष्ट्रात नगरपालिका-महानगरपालिकांतून अधिकारी नेमले आहेत. कागद असला तरी डॉक्टरांची दोन मंडळे तपासून मगच ठरवतात, एकटा मुलगा म्हणाला म्हणून काही होत नाही.

असा कागद कोणी करावा, कोणी करू नये, हे ज्याचे त्याने पाहावे. पण तो नसला म्हणजे काय होते, ते सांगतो. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर तीन भावंडे बसलेली असतात. एक म्हणतो चालू ठेवा, दुसरा म्हणतो किती हाल करायचे, तिसरी नुसती रडते. आईला काय हवे होते हे तिघांपैकी कोणालाच माहीत नसते. पुढे आई जाते आणि भावंडे एकमेकांशी बोलेनाशी होतात.

सगळे बिघडलेच असेल तर

कोणी म्हणेल, मास्तर, हे सगळं आधी सांगायला हवं होतं. आता घर गेलं, जमीन गेली, आणि पोरगा विचारत नाही. त्यालाही वाट आहे.

२००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्याच्या हाताखाली न्यायाधिकरण ठेवले आहे. आपल्या जिल्ह्यात नाशिक, निफाड, येवला, मालेगाव, चांदवड, कळवण अशा ठिकाणी प्रांत बसतात. तिथे साध्या कागदावर अर्ज द्यायचा. वकील लागत नाही. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, नात, सगळ्यांवर सारखी जबाबदारी आहे. सावत्र आईलाही मागता येते. ज्यांना मूल नाही असे साठीपुढचे माणूस, ज्या नातेवाइकाच्या ताब्यात त्याची मिळकत आहे किंवा पुढे ज्याला ती मिळणार आहे, त्याच्याकडे मागू शकते. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी ठरवून देता येते. समोरच्याला नोटीस पोचल्यापासून नव्वद दिवसांत निकाल व्हावा, असे कायदा म्हणतो. निकाल पटला नाही तर आईबापांना जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणे हा तर गुन्हाच आहे, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

लातूरच्या जिल्हा परिषदेने २०२० साली आणखी एक पाऊल टाकले. जे कर्मचारी आईबापांना सांभाळत नाहीत, त्यांच्या पगारातून तीस टक्के कापून ते थेट आईबापांच्या खात्यात घालायचे असे ठरवले. ज्यांचे पगार कापले त्यांत शिक्षकही निघाले. ही बातमी वाचली त्या दिवशी आम्हाला जेवण गेले नाही.

पण खरी अडचण अर्जाची नसते, मनाची असते. आई म्हणते, "पोटच्या पोरावर अर्ज कसा करू? लोक काय म्हणतील?" तिला हे सांगावे की प्रांतांकडे अर्ज गेला म्हणजे मुलाला बेड्या पडत नाहीत. सुनावणीआधी न्यायाधिकरण प्रकरण समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवू शकते. तो दोघांना समोर बसवतो. तडजोड झाली तर ती कागदावर येते, आणि तिला हुकुमाचे बळ मिळते. बोलायचा धीर होत नसेल तर १४५६७ हा फुकट नंबर फिरवून आधी नुसता सल्ला घेता येतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तिथे बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो.

प्रांतांकडे जाताना आधार कार्ड, बँकेचे पासबुक, मुलांची नावे आणि पत्ते, घराजमिनीचे जे असतील ते कागद, आणि औषधांच्या पावत्या बरोबर घ्याव्यात. अर्जाची एक नक्कल करून तिच्यावर कचेरीचा शिक्का आणि तारीख मारून घ्यावी. वयाच्या दाखल्यावर १ जून असला तरी चालतो.